शून्य मार्कांची माती

टायर निवडायला गेलेल्या सोमाजी किन्हेकरांना टायरनेच प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला. टायर तसाच होता. काळा, गोल, कमरेएवढा, आणि त्याच्या शेजारच्या पडद्यावर प्रश्न तसेच होते. गाडीचं वजन किती? वाटेत नाले किती? चालवणाऱ्याचा स्वभाव कसा: शांत, उतावळा, की सांगता येत नाही?

"याले माझा स्वभाव काऊन पाहिजे?" सोमाजींनी विचारलं. "मी काय याच्या घरी सोयरीक घेऊन आलो?"

"बाबा, तुम्ही ब्रेक कसा दाबता त्यावर अंगावरची ही रबरी बटणं किती वर काढायची ते तो ठरवतो," मृणाल म्हणाली.

मृणाल त्यांची एकुलती एक मुलगी. नागपूरजवळच्या या कारखान्यात ती चिखल विभागाची प्रमुख होती. मुलगी काय करते असं कोणी विचारलं, की सोमाजी "रबरात आहे" एवढंच सांगत आणि पावसाचा विषय काढत. पोरीने तयार केलेला 'मातीजाण' टायर देशभर गाजत होता. सोमाजींच्या मनातली अडचण अशी, की त्यांनी बावीस पावसाळे हिवताप खात्याची जीप गडचिरोलीच्या जंगलात हाकली होती, आणि माती जाणणारं घरात आधीच एक जण होतं.

त्यांनी टायरच्या रबरात अंगठ्याचं नख रोवलं, वाकून वास घेतला.

"काय सांगतोय वास?" मृणालने विचारलं.

"शिकलेला दिसते," सोमाजी म्हणाले. त्यांच्या तोंडी हे कौतुक नव्हतं.

टायर हवे होते ते लालसूसाठी. लालसू उसेंडी, वय ऐंशी, इरुपटोल्याचा गायता. गायता म्हणजे गावच्या वतीने जमिनीची, पिकाची पूजा करणारा माणूस. जूनमध्ये तो घसरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा उडत्या रुग्णगाडीने त्याला पंचेचाळीस मिनिटांत नागपूरला आणलं, हाड बसवलं, सोमाजींनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. आता भाद्रपद लागला होता. इरुपटोल्यात कोसरी तयार झाली होती. ते बारीक धान्य काढून, झोडपून, घराघरांत आणून ठेवलं होतं. पण गायत्याने पंडुम, म्हणजे नव्या पिकाचा सण, करून पहिला घास घेतल्याशिवाय गावात कोणी त्यातला दाणाही तोंडात घालत नसे. लालसूच्या जागी दुसऱ्याला बसवावं, असं गावात कोणी सुचवलं नाही. गाव जुनं धान्य पुरवून पुरवून खात होतं आणि रस्त्याकडे बघत होतं. ते जुनं धान्यही आता संपत आलं होतं.

मग उडत्या गाडीने परत का नेत नाहीत? सोमाजींनी तेच विचारलं होतं. उत्तर आलं, की उडती गाडी आजारी माणसासाठी असते. बरा झालेला माणूस नियमात बसत नाही. जमिनीवरून जायचं, तर पावसाळ्यात शेवटच्या साठ किलोमीटरसाठी परवाना लागत होता. त्या अर्जात 'घरी जाणे' असा रकाना नव्हता. 'साहसी मोहीम' असा होता. त्यामुळे मोडक्या खुब्याचे लालसू उसेंडी हे सरकारदरबारी मोहिमेचे सदस्य झाले, सोमाजी मोहीमप्रमुख, आणि मृणाल तांत्रिक सल्लागार.

"आपण मोहिमेवर चाललो आहोत," सोमाजींनी त्याला सांगितलं.

"कुठं?" लालसूने विचारलं.

"तुझ्या घरी."

"चांगली जागा निवडली," लालसू म्हणाला.

---

त्या संध्याकाळी घरात टायरांवरून भांडण झालं. सोमाजींना हवे होते साधे बटण टायर. कामठी रोडवर एका दुकानात अजून मिळत: जाड, आडदांड, मोठमोठ्या बटणांचे, ज्यांना काही म्हणजे काही कळत नाही.

"त्यांना कळत नाही म्हणून तर डायवरला कळून घ्यावं लागते," सोमाजी म्हणाले.

"पण चिखल एकसारखा नसतो ना बाबा."

"हे तू मले सांगतेस?"

पण ती सांगतच राहिली, आणि ते ऐकण्यासारखं होतं. चिखल म्हणजे माती अधिक पाणी, असं शाळेत शिकवतात आणि तिथेच सोडून देतात. पाणी थोडं वाढलं की तीच घट्ट माती लोण्यासारखी होते, आणखी थोडं वाढलं की ताकासारखी. काही माती तर नुसती घुसळली तरी पातळ होते आणि घुसळणं थांबलं की पुन्हा आळते. अशा जागी चाक जितकं जोरात फिरवावं तितकं ते स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. चिकण मातीची तऱ्हा आणखी वेगळी. ती बटणांच्या फटींत जाऊन बसते आणि दोन फेऱ्यांत टायर पुरीसारखा गुळगुळीत करून टाकते.

मातीजाण टायरच्या रबरात केसाएवढे बारीक चारशे धागे होते. दाबले की त्यांच्यात किंचितशी वीज तयार होई. जमीन किती दबली, दबून किती वर आली, पाणी किती सुटलं, हे टायरला प्रत्येक फेऱ्यात त्यातून समजे. मग तो बटणांखालच्या इवल्या हवेच्या पिशव्या फुगवून बटणं वर काढी, फटी रुंद करून अडकलेली माती झटकी, नाहीतर स्वतःतली हवा सोडून पसरट होई. रोवणी करणारी बाई बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाऊल पसरून टाकते, वजन वाटून देते, तसं.

इथवर सोमाजींची हरकत नव्हती. त्यांना खुपत होती ती शेवटची गोष्ट. प्रत्येक टायर आपण चाखलेली माती आकाशातून बाकीच्या सगळ्या टायरांना कळवत असे. देशभरच्या लाखभर टायरांची मिळून एकच आठवण. गाडी कुठल्याही वाटेला लागली, की आधी गेलेल्यांच्या अनुभवातून सगळ्यात चांगली रेघ निघे आणि चाकं आपोआप त्या रेघेवर चालत. डायवरने स्टिअरिंगवर हात ठेवायचे, ते शोभेला.

"तीन वर्षांत आपल्या टायरची एकही गाडी फसली नाही," मृणाल म्हणाली. "एकही."

लालसू खाटेवरून दोघांकडे आलटूनपालटून बघत होता. सोमाजींनी त्यालाच विचारलं, "तू सांग दादा. कोणते लावू?"

"मला घरी पोचव. गाडीला चपला कोणत्या घालायच्या ते तू बघ," लालसू म्हणाला, आणि कुशीवर वळताना कण्हला.

ते कण्हणं सोमाजींनी ऐकलं. बटण टायर गाडीला हाडन्‌हाड हलवत नेतात, हे त्यांना पोरीपेक्षा जास्त ठाऊक होतं. ते उठून ओसरीत गेले, दोन मिनिटांनी परत आले.

"तुझे लाव," ते म्हणाले. "त्याच्या खुब्यासाठी. माझ्यासाठी नाही."

सोमाजींनी आयुष्यात कोणासमोर घेतलेली ही सगळ्यात मोठी माघार होती, आणि ती लालसूपुढेच घ्यावीशी वाटावी याला कारण होतं. मृणाल सहा वर्षांची असताना जुलैमध्ये शाळेला दांडी मारून बापाबरोबर जीपमध्ये आली होती. बाराव्या दिवशी तिला ताप चढला, डोळे फिरले. हिवताप खात्याच्याच जीपमध्ये हिवताप. सोमाजी तिला घेऊन निघाले आणि इरुपटोल्याच्या बांधीत जीप आसापर्यंत रुतली. तेव्हा लालसू दोर आणि चाळीस माणसं घेऊन आला. दीड तास ओढत होते. जीप कोरड्यावर आली, सोमाजींनी "येतो" म्हटलं आणि गाडी पळवली. पोर वाचली. त्यानंतरही गाड्या फसल्या, लालसूने ओढल्या, पण त्या दिवसाचे आभार मानायचे राहून गेले. पहिल्या वर्षी शब्द सापडले नाहीत, मग उशीर झाला असं वाटलं, मग फारच उशीर झाला. या प्रवासात ते एकदाचं बोलून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

---

डांबर संपलं तिथून टायरांनी कारभार हाती घेतला. गाडी अशी चालली, की मागच्या सीटवर उशांमध्ये बसवलेला लालसू चक्क घोरू लागला. नाला आला, चाकं पसरली. चिकण आली, बटणं वर आली, चिखल फटाफट उडून गेला. सोमाजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, दुसऱ्याच्या घरच्या लग्नात यजमानाच्या खुर्चीवर बसवल्यासारखे.

चाळीस किलोमीटरनंतर ते म्हणाले, "बरा आहे."

मृणालने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. या दोन शब्दांसाठी ती तीन वर्षं थांबली होती, आणि बापाला ते कळू द्यायची तिची इच्छा नव्हती.

इरुपटोला चार किलोमीटरवर राहिला, आणि पुढे पाच गाड्या दिसल्या. एकामागे एक, सरळ रेघेत, शाळेच्या कवायतीसारख्या. आणि पाचही आसापर्यंत चिखलात. पिवळे रेनकोट घातलेली चौदा माणसं टपांवर बसली होती. त्यांतला एक उंच गृहस्थ खाली उतरून आला. चिखलात एक बूट राहिला तो राहिलाच.

"शार्दूल पटवर्धन, पुणे," तो म्हणाला. "आमचं 'चिखलानुभव' पॅकेज आहे. चिखलातून जायचं, पण अडकायचं नाही, असं ब्रोशरमध्ये स्पष्ट लिहिलंय. सकाळपासून बसलोय. मी टायर कंपनीच्या चिखल विभागप्रमुखांना थेट तक्रार केलेली आहे."

मृणालच्या खिशात फोन टिंग वाजला.

तिने फोन काढला, तक्रार वाचली, आणि म्हणाली, "मिळाली."

मग ती गुडघाभर चिखलात उतरली आणि पडद्यावर आकडे बघत उभी राहिली. सोमाजी बाजूला बसून वाट बघत राहिले. पोरगी गप्प झाली की तिला हात लावायचा नाही, हे त्यांना ती सहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं.

"माझी चूक आहे, बाबा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "मोसमाच्या सुरुवातीला इथून पहिली गाडी गेली. तिला ही रेघ बरी वाटली. तिने सगळ्यांना कळवलं. मग दुसरी इथूनच गेली, तिसरीही इथूनच. प्रत्येक वेळी रेघ थोडी खराब झाली, पण टायर तिला सोडेना, कारण बाजूच्या मातीबद्दल त्याच्याकडे काहीच नाही. जिथून कोणी गेलंच नाही, त्या मातीला मी शून्य मार्क दिले होते. वाईट म्हणून नाही. माहीत नाही म्हणून. टायरला यातला फरक मी शिकवलाच नाही."

"म्हणजे सगळे शहाणे एकाच ठिकाणी पाय देऊन राहिले."

"दोनशे अकरा गाड्या. हातभर रुंदीच्या पट्ट्यावरून."

आता सोमाजी काही लागट बोलतील, अशी तिची खात्री होती. ते बोलले ते एवढंच: "नवा डायवरही असाच करते. पुढच्याच्या चाकोरीत चाक टाकते, कारण तिथून निदान कोणी गेलेलं दिसते. मीही दोन वर्षं तसाच फसलो. त्यात लाजायचं काय?"

मागून लालसूचा आवाज आला. तो जागा झाला होता. "पोहोचलो?"

"नाही दादा. चार किलोमीटर."

"आज पोहोचायला पाहिजे," लालसू म्हणाला. "सुनेचा निरोप होता. उद्यापासून घराघरांत चुलीवर चढवायला कोसरीशिवाय काही नाही. आणि कोसरी मी नसताना कोणी खाणार नाही."

मृणालने पडद्यावर काहीतरी दाबलं. "याची आठवण बंद केली. आता याला फक्त स्वतःच्या पायाखालचं कळेल. रेघ दाखवणार नाही. रेघ तुम्ही काढायची."

"म्हणजे आता तो माझ्यासारखा झाला," सोमाजी म्हणाले, आणि चपला काढल्या.

बावीस वर्षांची त्यांची पद्धत अशी होती: अनवाणी पुढे चालायचं, टाच रोवायची, उचलायची, आणि खळग्यात पाणी भरेपर्यंत मनात आकडे म्हणायचे. पाचाच्या आत भरलं तर तिथून जायचं नाही. दहाच्या पुढे गेलं तर निर्धास्त. मधलं काही असलं तर नशीब. मृणालने हे बघितलं आणि तिला हसू फुटलं. तिच्या टायरचे चारशे धागे नेमकं हेच करत होते, फक्त तिने ते संशोधन म्हणून मांडलं होतं.

"वारुळांच्या बाजूनं घे," लालसू खिडकीतून म्हणाला. "उधई ओलीत घर बांधत नाही. आणि ते आखूड गवत आहे ना, तिथं खाली मुरूम आहे. उंच लवलवतं गवत दिसलं की समज, खाली पेज आहे."

अशी मोहीम निघाली. पुढे टाच, मागे मृणाल स्टिअरिंगवर, खिडकीत लालसू. कुठे टाच म्हणे दहा, पण टायर सावध होऊन बटणं वर काढी. तेव्हा सोमाजी टायरचं ऐकत. कुठे टायर खुशाल पुढे जाऊ बघे आणि लालसू "हट्!" म्हणून ओरडे, तेव्हा मृणाल ब्रेक दाबी. चार किलोमीटरला अडीच तास लागले. सोमाजींना इतकं मोकळं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्यांच्या पायात तीन काटे होते.

गावाची घरं दिसली. शेवटची बांधी होती. टाच म्हणाली सात.

"सात म्हणजे?" मृणालने विचारलं.

"सात म्हणजे सात," सोमाजी म्हणाले.

बांधीच्या मधोमध गाडी खाली बसली. हळू, भारदस्तपणे, म्हैस डोहात बसते तशी. टायरने बटणं वर काढली, खाली घेतली, हवा सोडली, पुन्हा भरली, आणि पडद्यावर अत्यंत सभ्य भाषेत कळवलं, की त्याला याहून जास्त काही सुचत नाही.

गावातून आधी कुत्री आली, मग माणसं. सगळ्यांत पुढे लालसूची सून मैनी, खांद्यावर दोराचं भेंडोळं.

"किती उशीर!" ती म्हणाली. "खुबा मोडला होता की कणा?" मग ती गाडीभोवती फिरली, चाकांकडे बघितलं आणि तिचं तोंड हसरं झालं. "तीन वर्षांनी फसली एखादी. मला वाटलं, आता गाड्या इथं थांबणारच नाहीत. सुसाट येतात, सुसाट जातात. कोण गेलं तेही कळत नाही."

तरण्यांना दोर कुठे बांधायचा ते कळत नव्हतं. लालसूने खिडकीतून पाच मिनिटं शिव्या दिल्या, तेव्हा कळलं. मग त्याने दोर ओढण्याच्या तालाचा सूर धरला, आणि गाडी निघाली.

---

लालसूला खाटेवर घालून अंगणात आणलं. पूजेची मांडणी तयार होती. शिजलेल्या कोसरीचा वास साऱ्या गावावर पसरला होता, आणि अख्ख्या गावात कोणीही जेवायला बसलेलं नव्हतं. सोमाजी खाटेशेजारी उकिडवे बसले. वाटेत शब्द जुळवले होते, ते पार चिखलात गेले होते.

"दादा," ते म्हणाले. "त्या वर्षी माझी पोर तापलेली होती. जीप याच बांधीत फसली होती. तू ओढलीस. ती जगली. ही बघ, हीच ती. मी तुले कधी काही म्हटलं नाही."

लालसूने मृणालकडे निरखून बघितलं. मग सोमाजींकडे. मग बांधीकडे.

"कोणतं वर्ष?"

"अठ्ठावीस वर्षं झाली."

"आठवत नाही," लालसू म्हणाला.

"चाळीस माणसं होती! दीड तास! पोर मांडीवर होती माझ्या!"

"डायवर, तुझी जीप दर पावसाळ्यात तीनदा फसायची. मी कोणतीच लक्षात ठेवली नाही." त्याच्या आवाजात दिलगिरी नव्हती, की मोठेपणाही. "फसलेली गाडी ओढायची असते. त्यात लक्षात काय ठेवायचं?"

अठ्ठावीस वर्षं छातीवर वागवलेलं ओझं, ते ज्याचं, त्याला आठवतच नव्हतं. सोमाजींना आधी वाईट वाटलं. मग हळूहळू हसू यायला लागलं, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मृणालही हसायला लागली, आणि हसता हसता तिने लालसूचा हात धरला. लालसूने तो सोडवून घेतला नाही.

"चल, आता पूजा कर," मैनी म्हणाली. "पोरं भुकेली आहेत."

लालसू उठून बसला. दाण्यांकडे हात नेला, आणि थांबवला.

"वाटेत त्या पिवळ्या कपड्यांची माणसं होती. किती?"

"चौदा," मृणाल म्हणाली. "पाच गाड्या."

"सकाळपासून उपाशी?"

"त्यांच्याकडे बिस्किटं असतील."

लालसूने हात मागे घेतला. "शिवेवर माणसं चिखलात बसलेली, आणि आपण जेवायचं कसं?"

इतके दिवस थांबलेलं गाव उठून उभं राहिलं. मैनीने नुसता उसासा टाकला आणि दोर उचलला. लालसूची खाट चौघांनी खांद्यावर घेतली. त्याच्याशिवाय सूर धरणार कोण?

वाटेत मृणाल सोमाजींच्या बरोबरीने चालत होती. "बाबा, मी ठरवलंय. दर वीस टायरांतला एक मुद्दाम अनोळखी मातीवर जाईल. बाकीच्यांना कळावं म्हणून."

"आणि फसेल?"

"कधी कधी."

"फसणारा टायर विकायला काढलास तर कंपनी तुले ठेवते का?"

"माहीत नाही." थोडं चालून ती म्हणाली, "तक्रार तर माझ्याकडेच येते. बघू."

पटवर्धन टपावरून हात हलवत होते. खाली येऊन त्यांनी पहिल्यांदा विचारलं, की ही सेवा पॅकेजमध्ये धरलेली आहे का.

"आहे," सोमाजी म्हणाले. "तुमचा दुसरा बूट काढा आणि ढकलायले या."

शेवटच्या गाडीला दोर बांधला. मैनी पुढे, मग तरणी माणसं, मग बाया, मग मृणाल. सवयीने सोमाजी गाडीच्या दाराकडे गेले. बावीस पावसाळे ते काचेच्या आतून ही पाठमोरी माणसं बघत आले होते. दारापाशी ते थांबले. दार उघडून त्यांनी पटवर्धनांना स्टिअरिंगवर बसवलं.

"हळू. जोर लावू नका. आम्ही लावतो," ते म्हणाले, आणि दोराच्या टोकाशी जाऊन उभे राहिले.

दोर ओला होता, आणि त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जाड. खाटेवरून लालसूने त्यांच्याकडे बघितलं. सूर धरला.

सोमाजींनी टाच रोवली आणि ओढलं.